जुन्या पियानो रेकॉर्डिंगचं रीमास्टर चांगलं झालंय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की पियानोवादक आर्टूर श्नाबेलने वाजवलेल्या बेथोव्हनच्या सोनाटांच्या तीन-चार रीमास्टर (जुनं रेकॉर्डिंग साफसूफ करून नव्याने काढलेल्या) आवृत्त्या दिसतात, त्यांतली सगळ्यात कमी खरखर असलेली कोणती, आणि ती हेडफोनवर तपासावी की स्पीकरवर. खरखर किती कमी झाली यावरून रीमास्टरचा दर्जा ठरवणं मला साफ नामंजूर आहे. याच मुद्द्यावरून माझ्या मावसभावाशी माझं वर्षानुवर्षं वाजतंय.

मी पियानो सुरात लावण्याचं काम करतो. त्यामुळे स्वर वाजतो त्या क्षणापेक्षा तो विरत जातो तिकडे माझे कान जास्त असतात. मधल्या आणि वरच्या भागात एकेका स्वराला तीन-तीन तारा असतात. हातोडी बसली की आवाज आधी झपकन उतरतो आणि मग मागे एक बारीक, लांब शेपूट राहते. तिन्ही तारा एकमेकींशी जुळल्यात की नाहीत ते त्या शेपटीत कळतं. शेवटी डँपर (तारेचा आवाज थांबवणारी मऊ गादी) तारेवर टेकतो, त्याचाही एक मऊ 'फप्' असतो. हे सगळं इतकं हळू असतं की जुन्या तबकडीवर ते खरखरीच्या पातळीला, कधी तिच्याही खाली जातं. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं की ते या दोन्हींत फरक करू शकत नाही. खरखरीबरोबर शेपूटही जाते आणि उरतो तो ठोकळेबाज, कोरडा पियानो. जणू वादकाने पेडलवर पायच ठेवला नाही.

श्नाबेलने बत्तीसच्या बत्तीस सोनाटा 1932 ते 1935 या काळात लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केल्या. दादाने (मावसभाऊ माझ्याहून मोठा आहे) त्यांची एक 'पूर्ण साफ केलेली' आवृत्ती घेतली आणि मला ऐकायला बोलावलं. मी ओपस 111 चा, म्हणजे त्यांतल्या शेवटच्या सोनाटाचा, शेवटचा भाग लावायला सांगितला. तिथे अखेरीकडे उजव्या हातात खूप वर, अगदी हळू, लांबच लांब ट्रिल (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवणं) चालते आणि तिच्या खालून मूळ धून जाते. खरखर काढणाऱ्यासाठी याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही, कारण ती ट्रिल आणि तबकडीची खरखर एकमेकींत मिसळलेल्या असतात. दादाच्या आवृत्तीत त्या ट्रिलचे दोन स्वर वेगळे राहिलेच नव्हते. पाण्याखालून बुडबुडे यावेत तसं काहीतरी गुळगुळीत, धातूसारखं वाजत होतं. धूनेचा प्रत्येक स्वर आला की मागची खरखर थोडी वर यायची, स्वर संपला की खाली जायची. मी म्हटलं, "दादा, ही खरखर श्वास घेतेय." तो म्हणाला, "तुला खरखरीचीच सवय झालीय."

ते मला लागलं. मी माझ्याकडची जुनी, खरखर तशीच ठेवलेली प्रत आणली आणि म्हटलं, आता नीट करू. आधी दोन्हींची आवाजाची पातळी सारखी केली. हे केल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना मी मानत नाही. एक प्रत अर्धा-एक डेसिबलने मोठी असेल तर कानाला ती मोठी वाटत नाही, चांगली वाटते, आणि निम्मी रीमास्टरं याच जोरावर खपतात. मग दादाच्या मुलाला बटण बदलायला बसवलं आणि आम्ही दोघांनी पाठ फिरवली. मी दादाला एवढंच विचारलं, ट्रिलचे दोन स्वर कुठल्या प्रतीत मोजता येतात? दरवेळी त्याने खरखरीची प्रत सांगितली. नाव कळल्यावर म्हणाला, "असेल, पण मला ऐकायला दुसरीच बरी वाटते." बरी वाटू दे. पण मग 'हे रीमास्टर उत्तम आहे' असं चारचौघांत सांगू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

सलग खरखर कान आपोआप बाजूला टाकतो. चालू पंख्याचा आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो. तोच पंखा कुणी सारखा चालू-बंद केला तर वाचनही होत नाही. म्हणून शांत जागी खरखर किती आहे हे पाहू नका, ती हलते का ते पाहा.

खरं कौशल्य सॉफ्टवेअरच्या आधीच पणाला लागतं. चांगल्या अवस्थेतली तबकडी मिळवणं, खाचेला बसेल अशी सुई निवडणं, तबकडी बरोबर मध्यावर बसवणं. भोक जरा बाजूला असेल तर स्वर हेलकावे खातो. व्हायोलिनमध्ये ते कंपनात खपून जातं, पियानोत लपायला जागाच नसते. लांब धरलेला एक स्वर ऐका. तो डगमगला तर ते काम घाईत उरकलेलं आहे. वेगाचंही तसंच. 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या नेमक्या 78 वरच कापलेल्या असत असं नाही आणि सहा टक्के फरकात सूर अर्धा स्वर सरकतो. तिसरी जागा सांध्यांची. बारा इंची तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपते आणि आतल्या खाचांकडे जाताना वरचे स्वर मंदावतात. पुढची बाजू पुन्हा लख्ख सुरू होते. तो सांधा तुम्हाला दचकवत नसेल तर काम करणाऱ्याने कान देऊन काम केलंय.

टेपच्या काळातल्या रेकॉर्डिंगला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे आधी कुठली टेप वापरली ते बघा. पियानोवादक ग्लेन गूल्डचं 1981 चं बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं रेकॉर्डिंग डिजिटल म्हणून गाजलं, पण त्या वेळी अॅनालॉग टेपही सोबत चालू होती आणि 2002 च्या आवृत्तीत तीच वापरली. पियानोवादक होरोविट्झच्या 1965 च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या मैफिलीत मूळ रेकॉर्डसाठी चुका दुरुस्त केल्या होत्या. 2003 मध्ये दुरुस्त्या न केलेली मैफल आली. अशा वेळी तुलना आवाजाच्या दर्जाची राहतच नाही.

आणि 1930 च्या शेलॅकसाठी (त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांसाठी) '192 किलोहर्ट्झ' असा डिजिटल फाइलवरचा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका. त्या खाचांत इतक्या वरचं संगीत नाहीच.

आता दादाच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. टकटक, चरचर काढणं वेगळं आणि सलग खरखर काढणं वेगळं. पहिलं नीट केलं तर निव्वळ फायदा आहे. खरखरीवरही हलका हात फिरवायला माझी हरकत नाही. शिवाय खरखरीने ज्याचं डोकं दुखतं त्याने मुकाट सोसावी असं मी म्हणत नाही.

श्नाबेलपुरतं म्हणाल तर नॅक्सॉस या कंपनीची, मार्क ओबर्ट-थॉर्नने ट्रान्सफर केलेली (तबकडीवरून उतरवून घेतलेली) आवृत्ती आधी ऐका. त्यात खरखर आहे, पण पियानो शाबूत आहे. तपासायला हेडफोन, ओपस 111 ची तीच ट्रिल, पातळी सारखी करून. नंतर रोज ऐकायला स्पीकर. हेडफोनवर खरखर कानात घुसते आणि चांगली प्रतही उगाच नावडती होते.