पहिली लांबची रोड ट्रिप: आधी गणित करा

नकाशावर १२ तास दिसले की १५ धरा. त्या आकड्यात जेवण, इंधन भरणं, पाय मोकळे करणं नसतं. दिवसाला ५००-६०० किमीच्या पुढचा बेत नकोच. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं गाडीतून उतरायचंच. पहाटे आणि दुपारी दोन ते चार झोप अनावर होते. काच खाली करून ती जात नाही, बाजूला सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटांची डुलकी काढा.

खर्चाचं बघू. २००० किमी आणि लिटरला १५ किमी म्हणजे १३३ लिटर. सामान, एसी, छतावरचा कॅरिअर धरून १५० मोजा. वर टोल, पार्किंग, मुक्काम. चौघांत हे बहुधा परवडतं. एकटे असाल तर रेल्वेने किंवा विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेण्याचा हिशोबही करून बघा. मात्र करारातली रोजची किलोमीटर मर्यादा आणि दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचं शुल्क आधी वाचा. सगळं गणित तिथेच उलटतं.

टायरकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. हवा टायर थंड असताना तपासा. भरलेल्या गाडीसाठीचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दबते, तापते आणि वेगात फुटते. टायर कधी बनला ते सांगणारा त्याच्यावरचा चार अंकी कोडही बघा: ३५१९ म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. आणि हो, स्टेपनीतली हवासुद्धा!