आय-९ वरची एक खूण

अनेक आशीर्वाद.

रूममेटच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर (अमेरिकेत नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) गॅस स्टेशनवर काम मिळतंय, ‘सगळेच करतात’ असं तो म्हणतो, हे तुझ्या पत्रात वाचलं. सगळे म्हणजे कोण कोण, हे एकदा त्यालाच विचार.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विनापरवाना काम केलं की स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा जातो, ते तुला ठाऊक आहे. मला धास्ती आहे ती आय-९ फॉर्मची, म्हणजे काम करण्याचा हक्क आहे असं नोकरीला लागताना लिहून द्यायच्या फॉर्मची. नंबर अमेरिकन नागरिकाचा, म्हणून तूही ‘नागरिक’ या चौकोनात खूण करशील. ३० सप्टेंबर १९९६ पासून असा खोटा दावा, अगदी नोकरीपुरता केलेलाही, ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद करतो. व्हिसाच्या अर्जात खोटं लिहिलेल्याला निदान इथे कायम राहणाऱ्या जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे हाल दाखवून माफी मागता येते. या खुणेला ती सोय नाही. उद्या अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तरी नाही.

तुझ्या त्या ग्रीन कार्डवाल्या मित्राचं सांगतो. खोटी माहिती देऊन बेकारी भत्ता घेतला, आता गुन्हा कबूल करून पैसे परत केले की तुरुंग टळेल, म्हणून तो खुशीत आहे. तुरुंग टळेलही. पण फसवणुकीतलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल, तर इमिग्रेशन कायद्यात ती ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड फेलनी’, म्हणजे हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा; शिक्षा स्थगित झाली तरी हद्दपारी समोर उभी. भरपाईचा जो आकडा तो आज मान्य करेल, तोच पुढे त्याच्याविरुद्ध वापरला जाईल. निझावन विरुद्ध होल्डर (२००९) या निकालाने शिक्षेच्या वेळचे असे कागद इमिग्रेशन न्यायाधीशाला बघू दिले आहेत.

हक्काचा भत्ता घेणं हा मात्र गुन्हा नाही. लोक तेही भीतीने सोडतात, याचं मला वाईट वाटतं.

त्याला सांग, इमिग्रेशनच्या वकिलाने वाचल्याशिवाय कबुलीवर सही नको. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. २०१० च्या पडिया खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते ठरवलं.

आणि तू फीच्या ओढाताणीत असशील तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एक शैक्षणिक वर्ष झालं असेल आणि अचानक पैशांची खरी अडचण आली असेल, तर बाहेर काम करायची परवानगीही मागता येते. गॅस स्टेशनवाल्याला आजच नाही म्हणून कळव.