नाकाच्या पोकळीतल्या कॅन्सरमध्ये पेशंट किती टक्के वाचतात?

काकांच्या एका नाकपुडीत गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला आणि तुम्हाला टक्केवारी हवी आहे. मी कान-नाक-घसा सर्जन आहे. आकडा सांगतो, पण त्याआधी रिपोर्टवर प्रकार कोणता लिहिलाय ते बघा.

अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे रोग नाक-सायनसपुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरातले 80 हून अधिक जण हयात असतात. शेजारच्या भागात किंवा मानेतल्या गाठींत गेला, तर साधारण निम्मे. पण या आकड्यात सगळे प्रकार एकत्र कोंबलेले आहेत. सर्वाधिक आढळतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. वासाच्या नसांपासून होणाऱ्या एस्थेझिओन्यूरोब्लास्टोमात पाच वर्षांचा आकडा 70-80 टक्क्यांपर्यंत जातो, तर नाकातल्या मेलॅनोमात (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) तो 30च्या आसपास अडकतो. काका सुतारकाम करत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. लाकडाच्या भुशाचा इथल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाशी, म्हणजे ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरशी, थेट संबंध आहे.

उपचारात बहुतेकदा आधी ऑपरेशन, मग साधारण सहा आठवडे रेडिएशन. पूर्वी यासाठी चेहऱ्यावर चीर द्यावी लागायची, आता निवडक गाठी नाकातूनच दुर्बिणीने काढतात. नुसत्या केमोवर हा रोग बरा करायचा बेत कोणी सांगितला, तर दुसरं मत घ्याच. काही आक्रमक प्रकारांत केमो आधी देतात, ती गोष्ट वेगळी. नाकामागच्या घशाचा, म्हणजे नेझोफॅरिंक्सचा कॅन्सर मात्र मुख्यतः रेडिएशन-केमोनेच बरा करतात. नेटवर हे दोन्ही सर्रास एकत्र केलेले दिसतील, तिथले आकडे काकांना लावू नका.

खरी अडचण जागेची. बाजूला डोळा, वर मेंदू. म्हणून सीटीबरोबर एमआरआय हवाच: सायनसमध्ये नुसता द्राव साचलाय की गाठ पोचलीय, हे सीटीत नीट कळत नाही. ऑपरेशनचा आवाका त्यावरच ठरतो, डोळा वाचणार का हेही. डोळ्याची नस फार जवळ असेल तर प्रोटॉनबद्दल, म्हणजे आजूबाजूच्या भागाला कमी धक्का लावणाऱ्या रेडिएशनबद्दल विचारा; नवी मुंबईत खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या केंद्रात ती सोय आहे.

रोग उलटतो तो बहुधा त्याच जागी, पहिल्या दोन-तीन वर्षांत. एस्थेझिओन्यूरोब्लास्टोमा दहा वर्षांनीही उलटलेला दिसतो, त्यामुळे त्यात तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात.

काकांचं नाव झाकून बायोप्सीचा निष्कर्ष आणि एमआरआयचा रिपोर्ट इथे टाका, मग नेमकं बोलता येईल.