तुमचा प्रश्न, ताईचं उत्तर: सॅकला गोणीत घाल

प्रश्न: ताई नमस्कार, मी कुडाळचा. गोव्याच्या मोपा विमानतळावरून दिल्ली आणि तिथून डेहराडून असं विमान आहे, पुढे केदारकंठाचा ट्रेक. विमानात पहिल्यांदाच बसतोय आणि नवीकोरी 60 लिटरची सॅक घेतलीय, त्यात बरेच पैसे गेलेत. मित्र म्हणतात चेक-इनला दिलीस की पट्टे तुटून येणार बघ. वरून रेनकव्हर चढवून दिली तर चालेल ना? की एअरपोर्टवर प्लास्टिक गुंडाळून देतात ते करून घेऊ?

उत्तर: मित्र घाबरवतायत पण अगदीच खोटं बोलत नाहीयेत. आपल्याला वाटतं बॅगा फेकतात म्हणून सॅक तुटते, तर तसं फार कमी होतं, आत सगळे कपडेच असतात, पडून पडून काय होणार. सॅक तुटते ती लोंबत्या पट्ट्यांमुळे. काउंटरमागे बॅग बेल्टवरून जाते, वळते, एका बेल्टवरून दुसऱ्यावर घसरते, तिथल्या फटीत पट्टा अडकला की मशीन काही थांबत नाही, बकल तरी जातं नाहीतर शिवण उसवते. आणि लोडर पण जे हाताला लागेल ते धरून उचलतो, ते बहुतेक खांद्याचा एकच पट्टा असतो. माझी सॅक एकदा दिल्लीला अशीच लंगडी होऊन आली, कमरेच्या पट्ट्याचं बकल अर्धंच शिल्लक, मग पुढचे पाच दिवस कमरेला सुतळीची गाठ मारून चालले, गाठ दर तासाला सैल व्हायची आणि सगळं वजन खांद्यावर.

आता रेनकव्हर. ते म्हणजे सॅकचं इरलं. पाऊस अडवतं, पण पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि सगळे पट्टे नेमके तिथेच असतात! वर ते इलॅस्टिकवर टिकलेलं, एक हिसका बसला की गेलं, आणि मग ट्रेकवर ओलं व्हायचं ते वेगळंच. घडी घालून आत ठेव. प्लास्टिक गुंडाळणं वाईट नाही पण पैसे एका फेरीचेच, परतीला तिथे ते मिळेलच असं नाही, आणि तपासणीत सॅक उघडायला लागली तर सगळं फाडून टाकतात.

मी काय करते सांगते, हसू नकोस. तांदळाची 50 किलोची प्लास्टिकची गोणी घ्यायची. एकीत 60 लिटरची भरलेली सॅक जात नाही, ओढूनताणून घातलीस तर फाटते, म्हणून दोन गोण्या एका बाजूने उसवून एकमेकींना जोडायच्या, दाभण आणि सुतळीने घरीच होतं किंवा टेलरला दे. तोंड मात्र शिवू नकोस, दोरीने आवळून बांध, म्हणजे उघडायला सांगितलं तर दोन मिनिटात उघडेल. तागाचं गोणपाट जास्त दणकट असतं हे खरं, पण एक गोणपाटच अर्ध्या किलोच्या वर भरतं, दोन म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, आणि देशातल्या विमानांत साधारण 15 किलोच नेता येतं तेव्हा ते परवडत नाही. खताची गोणी घेऊ नकोस हं, स्वच्छ धुतली तरी, नायट्रेटवाल्या खताचे कण स्फोटकं शोधणाऱ्या स्वॅबच्या मशीनला लागले तर तुला बाजूला घेऊन बसवतील. सुकटीची पण नको, का ते सांगायला नको. ज्यांना गोणीची लाज वाटते त्यांनी चेनवाली मोठी डफल घ्यावी, काम तेच.

गोणीत घालायच्या आधी सगळे पट्टे आवळून घे, कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकच्या पुढच्या बाजूने लाव, लोंबती टोकं गुंडाळून रबर लाव. वरच्या, बाजूच्या जाळीच्या खिशात काही ठेवायचं नाही, बाटली तर नाहीच. काठ्या मिटवून आत, टोकांना टोप्या लावून. बाकी सॅक हापूसच्या पेटीसारखी भर, आपल्याकडे पेंढा दाबून भरतात ना फळ हललं नाही पाहिजे म्हणून, तसं. ढिली सॅक कुठेही दुमडते आणि पाठीची पट्टी वाकते. आत नाव-फोनची चिठ्ठी टाक, देण्याआधी मोबाईलवर फोटो काढ.

पॉवर बँक आणि सुटे सेल केबिनच्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. शेगडीचा गॅसचा डबा कुठेच चालत नाही. आणि आईने गुपचूप खोबऱ्याच्या वाट्या घातल्यात का ते बघ, आपल्याकडे "असांदे" म्हणून घालतातच, पण सुकं खोबरं चेक-इनला घेत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाल्यांच्या धोकादायक यादीत आहे. बूट पायातच घालून जा आणि जॅकेट, औषधं जवळ ठेव, सॅक एक दिवस उशिरा आली तरी बाकीचं भाड्याने मिळतं पण पायाला बसलेले बूट कुठून आणणार.

काउंटरवर मोठ्या सामानाच्या वेगळ्या काउंटरला द्या किंवा ट्रेमध्ये ठेवा असं गोड बोलून सांग, बऱ्याचदा ऐकतात. "फ्रॅजाइल"च्या स्टिकरवर माझा काडीचा विश्वास नाही.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीची. नेपाळहून येताना सॅकच्या खांद्याचा पट्टा उसवला, पण घरी आल्यावर लक्षात आलं. आता काही मिळेल का?

उत्तर: बॅगेच्या बेल्टपाशीच बघायला हवं होतं गं, तिथल्या तिथे पीआयआर म्हणून तक्रार लिहून घेतात, ते हातात नसेल तर नंतर अवघड जातं. पण लगेच लिही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999चा मॉन्ट्रियल करार लागतो, बॅगेचं नुकसान बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी कळवायचं असतं. मेल कर, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, फोटो सगळं जोड. टॅगवर "लिमिटेड रिलीज", म्हणजे नुकसानीची कंपनीची जबाबदारी मर्यादित, असं लिहून तुझी सही घेतली असेल तर मात्र फार आशा नको, आणि पट्टे-बकल म्हणजे नेहमीची झीज असं बऱ्याच कंपन्या म्हणतातच. तोवर सॅक चपला शिवणाऱ्याकडे ने, टेलरकडे नको, टेलरची सुई त्या जाड पट्टीत मोडते. नायलॉनच्या दोऱ्याने आडवे टाके घालून चौकोन मारून दे असं सांग, माझी एक सॅक तशीच शिवलेली आहे आणि अजून चालते.