पहाटे तीनची जाग आणि उठण्याची वेळ

गेले चार महिने आपल्याला पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, म्हणून आता आपण रात्री साडेनऊलाच अंथरुणावर पडता आणि रविवारी दहापर्यंत झोपून आठवड्याची भरपाई करता, हे वाचून मला माझे २०१९ साल आठवले. रोज चालणे, रात्रीचे जेवण हलके ठेवणे, मोबाइल दूर ठेवणे हे आपण करत असालच, म्हणून त्यावर लिहीत नाही. मी डॉक्टर नाही. हा केवळ एका रुग्णाचा अनुभव समजावा.

माझे सर्वाधिक नुकसान याच भरपाईने केले. माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी त्याची झोपेची गरज साठत जाते. रविवारी दहाला उठणाऱ्याची ही गरज रात्री साडेनऊपर्यंत पुरेशी साठलेली नसते, आणि शरीराचे घड्याळही उशिराकडे सरकलेले असते. मी नऊ तास अंथरुणावर राहून जेमतेम सहा तास झोपत असे. उरलेले तीन तास कूस बदलण्यात आणि घड्याळ पाहण्यात जात. हळूहळू अंथरूण म्हणजे तळमळ, अशीच मनाला सवय लागली. यात माझे दीड वर्ष गेले.

त्या काळात एका तपासणी केंद्रात मी हजारो रुपये भरून संपूर्ण तपासणी करून घेतली. हातात जाडजूड अहवाल पडला आणि ‘सगळे नॉर्मल आहे, ताण कमी घ्या’ एवढे ऐकवून मला परत पाठवले. मी किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो, दिवसाचा शेवटचा चहा कधी घेतो, यांपैकी एकही प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. मी संध्याकाळी सातलाही चहा घेत असे, आणि चहा-कॉफीतील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारण पाच तास लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्येच दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सवयी बदलणारा उपचार, म्हणजे सीबीटी-आय, सुचवला होता. त्याचे नावही त्या केंद्रात कोणी काढले नाही, याचा मला आजही राग येतो.

पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला उठण्याची एकच वेळ ठरवून दिली: सकाळी सहा, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात खुर्चीवर बसायचे, हे त्यांच्या सल्ल्याचे उरलेले दोन भाग. पहिले दोन आठवडे फार जड गेले; दिवसा पेंग येई, त्यामुळे मी दुचाकी चालवणे बंद ठेवले होते, आपणही तसेच करावे. उठल्यावर अर्धा तास मी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जाई, कारण सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ जागेवर आणतो. पावसाळ्यात गॅलरीत बसलो तरी भागत असे. शेवटचा चहा दुपारी दोनला घेऊ लागलो. सुमारे सहा आठवड्यांनी तीनची जाग बहुतेक रात्री थांबली. आपल्याला कमी किंवा अधिक काळ लागू शकेल.

माझ्या मते आपण आजपासूनच रविवारची झोप सोडावी. मात्र घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा फेफरे हा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत. पहाटे जाग येण्याबरोबरच उदासी असेल आणि कशातच मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि घड्याळ निजण्याच्या खोलीतून आज रात्रीच बाहेर ठेवावे. गजर दाराबाहेरूनही ऐकू येतो.