पॅसिफिकमधलं प्लॅस्टिकचं बेट जहाजं पाठवून एकदाच का उचलून टाकत नाहीत?

फ्रान्सच्या तिप्पट मोठं बेट उपग्रहाच्या फोटोत का दिसत नाही, असंही तुम्ही विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: ते बेट नाहीच.

हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मध्ये सागरी प्रवाह गोल फिरतात आणि तरंगणारं प्लॅस्टिक त्यांच्या आत अडकून राहतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार हा पट्टा 16 लाख चौरस किलोमीटरचा आहे, त्यात 1.8 लाख कोटी तुकडे आणि वजन सुमारे 79,000 टन. आकड्यांनी छाती दडपते खरी, पण जरा भागाकार करून बघा. चौरस किलोमीटरला सरासरी पन्नासेक किलो. चौरस मीटरला एखादा तुकडा, तोही बहुतेक वेळा पाच मिलिमीटरपेक्षा लहान. जहाजाच्या डेकवर उभं राहिलात तर पाणी निळंशारच दिसेल.

आता एवढं विरळ पसरलेलं गाळायचं कसं? जाळी बारीक ठेवली तर पृष्ठभागावर राहणारे जीवही तिच्यात येतात, मोठी ठेवली तर कण निसटतात. त्यातल्या त्यात एक गोष्ट सोयीची आहे. संख्येत 94 टक्के असलेले हे बारीक कण वजनात जेमतेम 8 टक्के भरतात, आणि जवळपास निम्मं, 46 टक्के वजन एकट्या मासेमारीच्या जाळ्यांचं आहे. (स्ट्रॉवर जेवढी चर्चा झाली, त्याच्या पावपटही या जाळ्यांवर झालेली मला दिसली नाही.) तेव्हा जहाजं पाठवायचीच तर जाळी आणि दोर उचलायला पाठवावीत, हे माझं मत. समुद्रात सुटलेलं जाळं मासे, कासवं, सील अडकवतच राहतं.

पण समजा, उद्या तो पट्टा लख्ख झाला, तरी किती फरक पडेल? 2010 या एका वर्षात किनारी देशांतून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं, असा अंदाज आहे. उलट जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पृष्ठभागावर तरंगणारं प्लॅस्टिक 2014 च्या अंदाजानुसार अडीच लाख टनांच्या आसपास. म्हणजे वर्षानुवर्षं ओतलेल्यातलं बहुतेक सगळं वर दिसतच नाही! बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, ते मुळातच बुडतं. पॉलिथिन तरंगतं, पण त्यावर शेवाळ आणि शंखशिंपले चढले की तेही खाली जातं. बरंचसं किनाऱ्यावर परत फेकलं जातं, वाळूत गाडलं जातं, उन्हाने ठिसूळ होऊन तुटत राहतं. मारियाना गर्तेत जवळपास 10,900 मीटर खोल एक प्लॅस्टिकची पिशवी 1998 मध्ये कॅमेऱ्याने टिपली होती. ती कोण काढणार?

म्हणून अडवायचं तर वाटेतच, म्हणजे नद्यांमध्ये. इथेही एक अडचण आहे. आधी वाटायचं, दहा-वीस मोठ्या नद्या सांभाळल्या की काम झालं. 2021 च्या अभ्यासात मात्र नद्यांतून येणाऱ्या प्लॅस्टिकपैकी 80 टक्के वाटा हजाराहून जास्त नद्यांचा निघाला, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या पुष्कळ. पॅसिफिकमध्ये दोन जहाजांच्या मध्ये लांबलचक अडसर ओढत कचरा गोळा करणारी 'द ओशन क्लीनअप' ही डच संस्थासुद्धा आता नद्यांत अडसर लावते आहे.