घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये शास्त्रीय आणि जुनी गाणी ऐकायला वायरवाला ओपन-बॅक हेडफोन कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: रात्री जेवणं आटोपल्यावर बेडरूममध्ये ऐकणार, बायको त्याच खोलीत झोपलेली असणार, आवड मुख्यतः ख्याल आणि जुनी भावगीतं, बजेट वीस हजार. शिवाय ३०० ओहमचा (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप) हेडफोन फोनवर चालेल का आणि अ‍ॅम्प म्हणजे आवाज वाढवणारं वेगळं यंत्र लागेल का, ही शंका. थोडक्यात उत्तर हवं असेल तर सेनहायझरचा एचडी ५६० एस घ्या, एक बरा यूएसबी-सी डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या सॉकेटला हेडफोनची पिन जोडणारा छोटा अडॅप्टर) घ्या आणि अ‍ॅम्पच्या भानगडीत पडू नका. पण पैसे भरण्याआधी तुमच्या खोलीतला पंखा बघा. थट्टा करत नाहीये.

ओपन-बॅकच्या कपाला मागून जाळी असते. आतला पडदा थरथरला की आवाज दोन्ही बाजूंना जातो. पुढचा तुमच्या कानात आणि मागचा जाळीतून बाहेर. बंद हेडफोनमध्ये हा मागचा आवाज कपात आपटत राहतो, म्हणून कधीकधी गायक डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. ओपन-बॅकमध्ये तो कोंडलेपणा जातो, तबला आणि पेटी जरा अंग मोकळं करून बसल्यासारखी ऐकू येतात. मात्र जाळीतून आवाज जसा बाहेर जातो तसाच बाहेरचा आतही येतो. हेडफोन घातलाय म्हणून बाहेरचा कुठलाही आवाज थांबत नाही. घोडबंदरला रात्री कंटेनरची रांग लागते, ती रस्त्याच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला जशीच्या तशी ऐकू येणार. दाराची बेल आणि कुकरची शिट्टीही ऐकू येईल, हा झालाच तर फायदा.

आता पंखा. इंटरनेटवर ओपन-बॅकची जी परीक्षणं वाचायला मिळतात ती बहुतेक थंड देशांत, पंखा नसलेल्या खोलीत बसून लिहिलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद करून विलंबित ख्याल ऐकायची कोणाची शामत नाही. पंख्याचा आवाज दोन प्रकारचा असतो. एक पात्यांचा सूंऽऽ, जो सगळ्या पट्टीत पसरलेला असतो. दुसरा मोटरचा गुं गुं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे मोटरची ही गुणगुण १०० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटींत येते. गायकाची पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर त्याचा षड्ज, म्हणजे सा, साधारण १३८ हर्ट्‌झ आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. पंख्याची गुणगुण बरोबर या दोघांच्या मधे येऊन बसते, तीही बेसूर.

माझी तपासणी सोपी आहे. चांगल्या ध्वनिमुद्रणातला सुरुवातीचा नुसता तंबोरा लावायचा आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा ग, म्हणजे स्वयंभू गंधार, शोधायचा. तो खर्जाच्या पाचपट कंपनांवर असतो, म्हणजे वरच्या हिशोबाने साधारण ३४६ हर्ट्‌झ. रेग्युलेटर पाचवर असताना तो पात्यांच्या आवाजात विरघळून जातो. दोनवर आणला की गंधार वर येतो, पण जुना पंखा असेल तर नेमकी तेव्हाच मोटर जास्त गुणगुणते, कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्यात ही भानगड नसते, कमी वेगावर तो जवळजवळ मुका असतो. तुमच्या बेडरूमला अजून जुना पंखा असेल तर मी खरंच सांगतो, वीस हजारांतले तीन-चार हजार तिकडे घाला. त्याने जो फरक पडेल तो तेवढ्याच पैशांच्या अ‍ॅम्पने पडणार नाही. विजेचं बिल उतरेल ते वेगळं.

आणि पंख्यावर मात करायला आवाज वाढवत नेणं हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकलं तर चालतं, पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. ८९ वर गेलात की आठवड्याचे पाचच तास उरतात.

आता वहिनींचा प्रश्न. त्यांची झोप सावध असेल तर शेजारी पडून ओपन-बॅक ऐकायचा विचार सोडा. आवाज अगदी बारीक ठेवलात तरी शांत खोलीत दुसऱ्याला गाणं ओळखू येण्याइतपत झिरपतंच. हॉलमध्ये बसा, नाहीतर सरळ बंद हेडफोन घ्या. यात सुवर्णमध्य नाही. ‘सेमी-ओपन’ म्हणून जे विकतात त्यांच्यातूनही आवाज गळतो. माझ्या घरी ऐकायची जागा हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी आहे आणि दार लावून घेतो. नवरात्रात ठाण्यातल्या टेंभी नाक्याकडून जो काही गोंगाट येतो त्याला मात्र दाराचा उपयोग नाही. ते नऊ दिवस हेडफोन खोक्यात.

मॉडेलकडे येऊ. तुमच्या बजेटमध्ये किंवा त्याच्या आसपास सेलमध्ये तीन नावं फिरत असतात: एचडी ५६० एस, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो आणि हायफायमॅनचा एचई ४०० एसई.

डीटी ९९० ची गादी मखमली, डोक्यावर बसतो झकास, चष्म्यावरही दाबत नाही. पण त्याचा वरचा आवाज, साधारण ८ हजार हर्ट्‌झच्या आसपास, मुद्दाम टोकदार आहे. जुन्या भावगीतांत ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात, ध्वनिमुद्रणातली खरखर पुढे येते, तार सप्तकात बाईचा आवाज आणि पेटी एकदम चढल्या की कपाळाला आठ्या पडतात. स्टुडिओत चुका शोधणाऱ्याला तो बरा, तुम्हाला नको. शिवाय त्याची वायर हेडफोनलाच जोडलेली असते, ती तुटली की सोल्डरिंग आलं.

एचई ४०० एसई हा प्लॅनर जातीचा. म्हणजे नेहमीच्या पडद्याऐवजी पातळ सपाट पडद्यावर वाहक पट्ट्या आणि समोर चुंबक. बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा आणि मींड त्यात फार सुरेख खालपर्यंत उतरते, नेहमीच्या ओपन-बॅकना ते नीट जमत नाही. अडचण वजनाची. तो चारशे ग्रॅमच्या जवळ जातो आणि एचडी ५६० एस अडीचशेच्या आतच राहतो. एक बडा ख्याल आणि वर द्रुत बंदीश असा तासभर बसायचं म्हटलं की मानेला हा फरक कळतो.

एचडी ५६० एस मला या कामाला बरोबर वाटतो तो मधल्या पट्टीसाठी. किशोरीताई आमोणकरांच्या आलापात स्वर जिथे श्वासाइतका बारीक होतो तिथे तो काही झाकत नाही की उगाच चमकवतही नाही. डग्गा जरा हलका लागतो, हे मान्य. आणि कधी पुढेमागे बजेट वाढलंच तर याच घराण्यातला एचडी ६०० बघा. १९९७ पासून बाजारात आहे, आणि गाणाऱ्याच्या गळ्यासाठी मला अजून त्याच्यासारखा दुसरा सापडलेला नाही. तुमचा ३०० ओहमचा प्रश्न बहुधा त्याच्यावरूनच आला असेल.

नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही. सोबत संवेदनशीलता बघावी लागते, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो ते. एचडी ६०० चाच भाऊ एचडी ६५० घ्या: ३०० ओहमचा, पण १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. बरा डोंगल १ व्होल्ट सहज देतो. घरी आपण सत्तर डेसिबलच्या घरात ऐकतो. म्हणजे फोनवर तो ‘चालतो’. अडतं कुठे, तर जुनी मैफलीची ध्वनिमुद्रणं फार हळू आवाजात भरलेली असतात, तिथे आवाजाचा काटा शेवटाला टेकतो. २ व्होल्टचा डोंगल घेतला तर आणखी ६ डेसिबल मिळतात आणि प्रश्न मिटतो. एचडी ५६० एस तर १२० ओहमचाच आहे, त्याला एवढाही त्रास नाही. एक जपा: अ‍ॅपलचा छोटा डोंगल आयफोनला उत्तम, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबलेला राहतो. अँड्रॉइड असेल तर दुसरा घ्या.

जुन्या गाण्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, एवढं मात्र आधीच सांगतो. ती बहुतांशी मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज, म्हणजे गायक डोक्याच्या बरोबर मध्यभागी. हेडफोन कितीही उघडा असला तरी गडकरी रंगायतनमध्ये पाचव्या रांगेत बसल्याचा भास होणार नाही. स्टिरिओत घेतलेल्या मैफली असतील तर मजा आहे. ऐकायचं अ‍ॅपही बघा. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून जास्तीचे पैसे न घेता लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेला आवाज) मिळतं आणि ते पूर्ण ऐकायला वायरच लागते.

पावसाळ्याचं थोडं. आपल्याकडच्या दमटपणात गादीचा फोम आणि कृत्रिम चामडं लवकर भुगा होतं, मखमल तेवढी टिकते पण घाम धरते. जूनपासून हेडफोन उघड्यावर टांगून ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. गाद्या सुट्या मिळतात, पण घेताना कंपनीच्याच घ्या, जाडी बदलली की आवाजही बदलतो.

घेताना भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसला आणि बिलाबद्दल दुकानदार आढेवेढे घ्यायला लागला, तर वॉरंटी मिळणार नाही असं धरून चाला. चष्मा असेल तर तो लावूनच अर्धा तास घालून बघा, दुकानात किंवा परत करायची मुदत असेल तेवढ्यात घरी. सेनहायझरची पकड नवीन असताना कानशिलांना जरा घट्टच लागते.

आणि एचडी ५६० एसची वायर ३ मीटरची, टोकाला ६.३ मिलिमीटरची जाड पिन. सोबत छोटी पिन करायचा अडॅप्टर येतो, पण तो सगळा लोंबता भार डोंगलवर पडला की फोनचं सॉकेट ढिलं होतं. त्यामुळे फोन हातात धरून ऐकू नका, टेबलावर ठेवा, किंवा त्याच हेडफोनला बसणारी आखूड वायर वेगळी मागवा.